चिंतामणी रंगाची अर्धी मोटार

फुटपाथवर कोहळ्यांचे ढीग दिसू लागले की बंगळूरमध्ये नवरात्र संपत आलं असं समजायचं. ढिगाशेजारी लिंबांची टोपली, शेवंतीच्या माळांची वेटोळी आणि विजेच्या खांबाला टेकवून ठेवलेले केळीचे खुंट. आदल्या दिवशी पाऊस येऊन गेलेला असतो, त्यामुळे या सगळ्यावर थोडा चिखल उडालेला असतो आणि तरी ते छान दिसतं. यंदाही दिसलं. मी भाजी घ्यायला बाहेर पडले होते, ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागले. तिकडेही ढीग होतेच.

मी पुण्याची. आमच्याकडे खंडेनवमीला शिवणयंत्राला हळदकुंकू लागायचं, वडिलांच्या स्कूटरला झेंडूचा हार पडायचा, आणि संपलं. लग्न होऊन बसवनगुडीत आले तेव्हा इथली आयुधपूजा बघून थक्क झाले होते. इथे बस सजते, रिक्षा सजते, पाण्याचा पंप सजतो, कचऱ्याची गाडीसुद्धा केळीचे खुंट बांधून मिरवते. प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि वाहन पुढे घेऊन ते चिरडायचं, म्हणजे दृष्ट गेली. मग कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर आपटायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर चुरमुरे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराला चिरडलेल्या लिंबाचा आणि भिजलेल्या फुलांचा वास येतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो माझा आवडता वास होता.

आमच्याकडेही एक वाहन होतं. सईनं, म्हणजे माझ्या मुलीनं, या पावसाळ्यात त्याची जाहिरात दिली. ती सर्जापूर रोडला राहते, कॉम्प्युटरवर काम करते आणि सगळी कामं पटकन करून टाकते. "युद्धापूर्वीची आलिशान टूरिंग मोटार, सात आसनी, कापडी छताची, अर्धवट दुरुस्त, विकणे आहे." तिनं ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना?" बरोबरच होतं. अर्धवट हा शब्द तेवढा टोचला. तो आपण माणसांनाही लावतो, आणि माझ्या नवऱ्याला, मनोहरला, ती मोटार घेतल्यापासून पुष्कळांनी लावला होता.

मोटार त्याला सकलेशपूरच्या बाजूला एका कॉफीच्या मळ्यात सापडली. कुणा इंग्रज मळेवाल्यानं हौसेनं विलायतेहून आणवलेली. लांबच लांब नाक, ताटाएवढे दिवे, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या फळ्या, मधे घडी करून ठेवायच्या दोन जास्तीच्या खुर्च्या. साहेब गेला, मळा हात बदलत गेला, आणि मोटार आधी पाहुण्यांना, मग पोत्यांना आणि शेवटी कोंबड्यांना उपयोगी पडली. मनोहर ती बघायला गेला तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती उठेपर्यंत तो थांबला म्हणे. मग घरी आला आणि मला म्हणाला, "घेतली बघ." मी विचारलं, "काय?" तो नुसता हसला. निवृत्तीला आलेला माणूस असा हसला की बायकोनं सावध व्हावं.

नातेवाईक म्हणाले, सवत आणली तुला. मला तो विनोद कधी आवडला नाही. सवतीकडे जाणारा नवरा निदान कपडे तरी बरे घालून जातो. हा होसकोट्याला भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये जायचा तो सईच्या कॉलेजातल्या जुन्या टीशर्टमध्ये, आणि यायचा तेव्हा त्याला दारातच थांबवून घासलेटचा बोळा हातात द्यावा लागायचा. जन्मभर त्यानं सरकारी कारखान्यात कागद पुढे सरकवले होते. आतमध्ये यंत्रं घडत होती आणि हा बाहेर बसून रजेचे अर्ज तपासत होता. त्याचे हात भुकेले राहिले होते, हे मला त्या शेडमध्ये कळलं. रविवारी मी चित्रान्नाचा, म्हणजे इथल्या लिंबूभाताचा, डबा घेऊन जायची. तो गाडीखालून नुसता आवाज द्यायचा, "स्वल्प थांब की, एवढं एक होऊ दे!" आणि ते एक व्हायला तास लागायचा. मी स्टुलावर बसून पेपर वाचायची. पत्र्यावर पाऊस वाजायचा. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, त्या पायांत मीच घेऊन दिलेल्या चपला. संसारातले माझे बरेचसे सुखाचे तास त्या दोन पायांशी बोलण्यात गेलेत, आणि हे मला तेव्हा अजिबात ठाऊक नव्हतं.

जाणकार सांगायचे की जुनी गाडी करायची तर आधी सगळी सोडवायची. मग सांगाडा, मग इंजिन, मग पत्रा, आणि रंग अगदी शेवटी, एकदम. मनोहरला तेवढा धीर नव्हता. त्याला काहीतरी पुरं झालेलं बघायचं असायचं. म्हणून तो भिंत रंगवावी तसा एका टोकानं सुरू झाला. खालचं लोखंड आणि चाकं तेवढी आधी केली, आणि मग नाकापासून मागे मागे. दिवे झाले, की दिव्यांभोवतीचा पत्रा. पत्रा झाला, की लगेच त्याला रंग. पुढची सीट झाली, की तिच्यावर लगेच कापड. इंजिन जागेवर बसवलं, पण ते काही सुरू झालं नाही. एखादा भाग पुरा झाला की तो मला हाताला धरून दाखवायला न्यायचा. आणि मागची बाजू तशीच, कोंबडीनं सोडली तशी. काळ्या रंगाचे पोपडे, फाटक्या कातड्यातून डोकावणारा काथ्या, वाळवीनं पोखरलेली लाकडी चौकट. एकाच मोटारीला पुढून पाहिलं तर नवरी आणि मागून पाहिलं तर तिची पणजी.

रंगाचीही एक गंमतच आहे. मूळचा रंग काळा, तो त्याला नको होता. "काळी नको. काळ्या मोटारीतून साहेब फिरायचे. आपण तसं कशाला?" तो रोज नवा रंग सुचवायचा आणि मी रोज मान हलवायची. एके दिवशी मी वैतागून दोरीवर वाळत घातलेल्या साडीकडे बोट केलं. चिंतामणी रंगाची इरकली होती, सासूबाईंनी दिलेली, निळी म्हणावी तर जांभळी आणि जांभळी म्हणावी तर निळी. त्यानं ती दोरीवरून ओढली, घडी केली, आणि ओलसर असतानाच पिशवीत घालून जे. सी. रोडच्या रंगवाल्याकडे घेऊन गेला. रंगवाल्यानं म्हणे साडी उन्हात धरली, सावलीत धरली आणि विचारलं, "हे कारला? की देवळाच्या रथाला?" मोटार रंगली. साडीच्या पदरावर एक ठिपका पडला, तो गेला नाही. सीटचं कापड आणायला चिकपेटेत आम्ही दोघं गेलो. गल्लीगल्लीतून फिरलो. प्रत्येक दुकानदार विचारायचा, "सोफ्याला का?" आणि मनोहर छाती काढून सांगायचा, "मोटारीला!" शेवटी त्यानं सोफ्याचंच कापड घेतलं, कारण त्या रंगाला जरीच्या काठासारखं तेच शोभत होतं.

त्या नवरात्राबद्दल लिहायला मी बसले आहे, आणि केव्हाची इकडेतिकडे फिरते आहे.

गणपती होऊन गेल्यावर त्याचं पोट दुखू लागलं, आणि पितृपक्षात डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. पोटात खोलवरची गाठ होती. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. डॉक्टर फार हळू आणि फार चांगलं बोलले. बाहेर आल्यावर मनोहरनं विचारलं, "आयुधपूजा कधी आहे गं?" मला वाटलं त्याला कळलंच नाही. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

नवमीला आम्ही होसकोट्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेवंतीची शेतं पिवळी झाली होती. फुलवाल्यानं ओंजळीनं मोजायची फुलं आम्हाला टोपलीनं दिली. सई आली होती. शेजारच्या शेडमधले वेल्डिंगवाले आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले होते. मनोहर खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता. दिव्यांना गंध, चाकांना गंध, हातोड्या-पान्यांना रांगेनं गंध. त्याचा सदरा खांद्यावरून घसरत होता आणि तो परत परत सारखा करत होता. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी केळीचे खुंट उगीचच सोडून पुन्हा बांधत होते.

लिंबं ठेवून झाली. इंजिन चालत नव्हतं, म्हणून गाडी हातानं ढकलायची होती. मनोहर खुर्चीवरून उठून पुढच्या चाकापाशी खाली उकिडवा बसला. त्याला लिंबू फुटताना बघायचं होतं. आम्ही सगळे मागे लागलो, त्या पोपडे आलेल्या काळ्या बाजूला हात लावून. गाडी हलली. लिंबू फुटल्याचा बारीकसा आवाज आला आणि मनोहर मोठ्यांदा हसला. इतक्या मोठ्यांदा की वेल्डिंगवालेही हसायला लागले. मग त्याला उठता येईना. सईनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं.

घरी येताना तो म्हणाला, "पुढच्या सालाला ढकलायची नाही. चालवायची."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय नुसतं? होय म्हण की."

"होय," मी म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. काचेवर पाऊस आला होता, आणि मी त्याचा हात घट्ट धरला होता. खोटं बोलताना माणूस हात धरत नाही असं मला वाटायचं. धरतो.

संक्रांतीला गल्लीतल्या मुली एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, वाटत फिरल्या. आमच्या दारात आल्या आणि आतली माणसं बघून हळूच परत गेल्या. मनोहर पहाटे गेला होता.

मोटार विकायची माझी इच्छा नव्हती. पण शेडच्या मालकानं जागा गोदामाला द्यायची ठरवली आणि गाडी हलवा म्हणाला. बसवनगुडीतल्या आमच्या जागेत ती मावणार नव्हती. सईच्या इमारतीत तिच्या स्वतःच्या गाडीला जेमतेम जागा. मला एकच हवं होतं. कुणीतरी ती घ्यावी आणि मनोहरनं जिथे हात थांबवला तिथून पुढे करावी. त्याच रंगानं, मागच्या टोकापर्यंत. फार मागणं नाही, असं मला वाटत होतं.

फोन पुष्कळ आले. एकाला नवरदेवांच्या वरातीसाठी हवी होती, चहूबाजूंनी लुकलुकते दिवे लावून. बहुतेकांना नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. खरी गिऱ्हाइकं दोनच निघाली.

पहिला हॉटेलवाला. व्हाइटफील्डला त्याचं मोठं हॉटेल उघडणार होतं. तो मोटारीभोवती फिरला, नाकावरून हात फिरवला आणि माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलला. "मेडम, बहुत सुंदर काम किया है साहब ने. कलर एकदम फर्स्ट क्लास." मला भरून आलं. मग तो म्हणाला की त्याला पुढचा अर्धाच भाग हवा आहे. तो कापून भिंतीवर बसवायचा. भिंत फोडून मोटार बाहेर येते आहे असं दिसलं पाहिजे, दिवेही लागतील. मागचा भाग आम्ही भंगारात दिला तरी त्याची हरकत नव्हती.

दुसरा रोहन. मूळचा पुण्याचा, कंपनी काढून विकलेला, आता जुन्या मोटारी जमवणारा. वागायला गोड मुलगा. बरोबर एक माहीतगार होता, तो टॉर्च घेऊन मागच्या सीटखाली शिरला आणि तिथूनच आनंदानं काहीतरी ओरडला. रोहन माझ्यासमोर उभा राहिला, हात मागे बांधून.

"काकू, फ्रँकली सांगू? राग मानू नका."

"सांग."

"काकांनी जे केलंय ना, ते आम्हाला सगळं काढावं लागेल. हा कलर ओरिजिनल नाही, सीट ओरिजिनल नाही. पण मागची बाजू अमेझिंग आहे. कुणी टचच केलेलं नाही. फॅक्टरीतून आली तशी. आम्ही पुढची बाजू तिला मॅच करून घेऊ. इंजिन सुरू करू. वर्षभरात रोडवर येईल."

"म्हणजे त्यानं हात लावला नाही तेवढीच तुला हवी."

त्यानं मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागची बाजू खरी आहे, काकू."

खरी. हा शब्द मी घरी घेऊन आले आणि कितीतरी दिवस तो काही जाईना. मागची बाजू खरी, तर मग पुढची काय खोटी? रविवारमागून रविवार एक माणूस पाठीवर झोपून लोखंड घासत होता, ते खोटं? कारखान्यातून जसं निघालं तसं राहणं म्हणजेच खरं असेल, तर आपल्यातलं कोण खरं आहे? मी पुण्याहून निघाले तशी थोडीच राहिले? माझ्या बोलण्यात कन्नड आलं, हाताला इथली चव आली, माझा अर्धाअधिक रंग मनोहरनं आणि या गावानं दिलेला आहे. तो खरवडला तर खाली कोण निघेल, मला तरी माहीत नाही. रोहनचं त्याच्या जागी बरोबर होतं. म्हणूनच त्याच्यावर रागावताही येईना.

सई हॉटेलच्या बाजूनं होती. "आई, निदान बाबांचं काम दिसेल तरी. आपल्याला वाटेल तेव्हा जाऊन बघता येईल. तो दुसरा माणूस सगळं पुसून टाकणार आहे."

"भिंतीवर लावणार गं ते."

"मग लावू दे ना! राहील तर."

मला तिचं पटत होतं. डोळ्यांसमोर येत होतं, आम्ही दोघी त्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरून बसलोय, समोर भिंतीतून तो चिंतामणी रंग बाहेर आलाय, आणि लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढताहेत. मग आठवायचं ते चाकापाशी उकिडवं बसलेलं माणूस. त्याला ती चालायला हवी होती. रंग, सीट, दिवे, सगळी हौस होती त्याची. पण रात्री अंथरुणावर पडून तो रस्ते बोलायचा. चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण. भिंतीवरची मोटार कुठेच जात नाही. मी रोहनला होय म्हणून कळवलं. सई फोनवर रडली, आणि मग म्हणाली, "तू ठरवलंस ना, मग ठीक आहे. मी तिथे येणार नाही." आली नाही.

दसऱ्याच्या दिवशी नेतो म्हणाला रोहन, चांगला दिवस म्हणून. मी एकटीच शेडवर गेले. उताराची फळी लावलेला ट्रक दारात उभा होता, कालच्या माळा अजून त्याच्या आरशाला. ट्रकवाला पन्नाशीचा, वजनदार, कमी बोलणारा. मोटारीला पुढून साखळी लावून ती वर ओढायची होती, पण चाकं सरळ राहायला कुणीतरी आत बसून स्टीअरिंग धरायला हवं होतं. रोहन वरून अंतर बघत होता, माहीतगार खाली वाकून बघत होता.

"मी बसते," मी म्हटलं.

मी त्या जागेवर कधी बसले नव्हते. सोफ्याचं कापड अजून नवं होतं, गार होतं. ट्रकचं यंत्र घुं घुं करू लागलं आणि मोटार नाक वर करून फळीवर चढू लागली. अर्ध्यावर साखळी एका बाजूला सरकली आणि मडगार्डला घासू लागली. ट्रकवाल्यानं यंत्र थांबवलं. साखळी काढून दुसरीकडे अडकवायला हवी होती, आणि ती काढली की मोटारीला मागे धरायला काही नव्हतं. मागे उतार, उताराखाली रस्ता.

"ब्रेक इल्ल अल्वा, अक्का?" त्यानं विचारलं. ब्रेक नाहीत ना?

"ठोकळे लावा," वरून रोहन म्हणाला. "या गाडीला कसले ब्रेक!"

"आहेत," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "ब्रेक त्यानं केलेत. आख्खा एक पावसाळा तेच करत होता."

"काकू, रिस्क नको. तुम्ही आत आहात."

"मी दाबलाय. काढा साखळी."

ट्रकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रोहनकडे, आणि साखळी काढली. मोटारीचं सगळं वजन एकदम खाली आलं. ती बोटभर मागे घसरली, खालून कुठेतरी लोखंड करकरलं, आणि ती थांबली. उतारावर, अधांतरी, माझ्यासकट थांबली.  मला पायाखाली ते ताणलेलं लोखंड कळत होतं, त्यानं घासलेलं, जोडलेलं, परत परत सोडवून पुन्हा जोडलेलं. तो गेल्यापासून मी सगळीकडून घसरतेच आहे. आज पहिल्यांदा कशानं तरी मला धरलं होतं, आणि ते त्याच्या हातचं होतं.

साखळी पुन्हा लागली, ताठ झाली. "सरी," ट्रकवाला म्हणाला. "ब्रेक बिडी, अक्का." ठीक आहे, सोडा आता.

ऐकू आलं मला. पाय तिथेच होता.

"काकू," रोहन हळूच म्हणाला, "ब्रेक सोडा. वर घ्यायचीय."

"एक मिनिट," मी म्हणाले.

ते तिघंही थांबले. मी रडत होते, आणि त्यांनी मला रडू दिलं. मग मी पाय उचलला.